हात न लावलेला डोळा

"डोळा टेकवू नको गं, काचेवर वाफ धरते," मी म्हणाले.

"मग बघू कशानं, कानानं?" अक्का म्हणाली.

इरकल साडीवर माझा पांढरा कोट आणि पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, अशा थाटात माझी थोरली बहीण सूक्ष्मदर्शकासमोरच्या स्टुलावर बसली होती. पुण्यातल्या आमच्या संस्थेत पेशींच्या खोलीत बाहेरच्या माणसाला आणायची परवानगी नव्हती. पण विभागप्रमुख मीच होते, तेव्हा ती परवानगी मी स्वतःच स्वतःला देऊन टाकली होती. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. त्या दिवशी मी जितकी खूश होते तितकी त्यानंतर कधी झाले नाही.

अक्काला दिसायचं ते नळीतून बघितल्यासारखं, मधलं रुपयाएवढं. बाजूचं सगळं तिशीतच गेलेलं. डोळ्याच्या पडद्याचा हा आजार जनुकातून येतो. आमचे आईवडील आते-मामेभावंडं. दोघांकडंही त्या जनुकाची एकेक प्रत बिघडलेली होती. वाटणीत अक्काला दोन्ही वाईट आल्या आणि मला दोन्ही चांगल्या. वडील गेल्यावर आठवीतून शाळा सोडून तिनं मला शिकवलं. पुढं मी याच आजारावर काम करायला लागले, यात नवल काही नाही.

मी काच जरा वर केली, दिवा वाढवला आणि तिची हनुवटी धरून डोळा नेमका जागेवर आणला. आधीच एवढंसं दिसायचं, त्यावर आता मोतीबिंदूचं धुकंही आलं होतं. तिनं दुसरा डोळा तळहातानं झाकला.

"दिसलं," ती म्हणाली.

"काय दिसलं?"

"दाणं हाईत. बारीक, तपकिरी. एकाला एक लागून."

"त्या तुझ्या पेशी आहेत, अक्का. दंडाची कातडी घेतली होती ना तुझी, त्यातल्या. आधी त्यांना मागं नेऊन मूलपेशी केलं, म्हणजे अजून काहीच न झालेल्या पेशी. मग त्यांच्यातला बिघडलेला जनुक दुरुस्त केला आणि त्यांना डोळ्याच्या पडद्याच्या पेशी व्हायला लावलं. हा तुझा पडदा आहे. नीट केलेला."

"माझा?"

"तुझाच."

तिनं डोळा काढला नाही. पाठ ताठ करून ती तशीच बघत राहिली, आणि तिच्या गालावरून पाणी उतरून माझ्या कोटाच्या कॉलरवर गेलं. मी दुसरी डिश लावली. "ही माझी. निरोगी पेशी कशा असतात ते ताडून बघायला ठेवलेली."

तिनं ती पाहिली. मग म्हणाली, "पयली लाव परत." मी लावली. "आता दुसरी." असं तीनदा केलं. तासगावला तिची बेदाण्याची शेड होती आणि बेदाणा निवडण्यात पंचवीस वर्षं गेली होती. मालात बाहेरचा एक दाणा आला तरी तिला कळायचा.

"राजी, हे दोन्ही एकाच येलीचं हाय," ती म्हणाली.

मी हसले. "तेच तर. तुझं माझ्यासारखं झालं. यालाच यश म्हणतात."

"तसं न्हवं. सारखं असणं येगळं आन् एकाच येलीचं असणं येगळं."

"अक्का, हा बेदाणा नाही."

"बरं बाई," ती म्हणाली आणि स्टुलावरून उतरली.

चहा पिताना तिनं पिशवीतून एक कागद काढला. "मिरजेचं उपाध्ये डॉक्टर म्हणतात, दिवाळी झाली की मोतीबिंदू काढू. मधलं हाय तेवढं लख्ख हुईल, दोन-तीन वर्षं तरी मिळतील म्हणं. मी म्हटलं तुला इचारून सांगतो." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी सांगतो' असंच बोलतात. पुण्यात तीस वर्षं काढून माझं ते गेलं, अक्काचं नाही.

"नको," मी म्हणाले.

"का गं?"

"आमचा प्रयोग माणसांवर सुरू होईल तेव्हा हात न लावलेला डोळाच घेतील. आत्ता आत चाकू गेला, सूज आली, की तू यादीतून बाहेर. मला तुझा डोळा जसाच्या तसा हवाय."

"कवा सुरू हुईल?"

"दोन वर्षं. फार तर तीन."

"तिशलीचं लगीन वैशाखात हाय." तिशली म्हणजे त्रिशला, अक्काची एकुलती मुलगी.

"लग्न धुक्यातून बघ," मी म्हणाले. "नातवंडं लख्ख बघशील."

हे वाक्य मी बोलले. शब्द असेच होते, मी त्यात काही घातलं-काढलेलं नाही. अक्कानं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "तू म्हणशील तसं. डोळ्याची डॉक्टर तू." मी डोळ्याची डॉक्टर नाही, मी डिशमधल्या पेशींची मास्तरीण आहे, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं. त्या दिवशी मात्र मी दुरुस्ती केली नाही.

उपाध्ये डॉक्टरांचा चार दिवसांनी फोन आला. म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस.

"मॅडम, तुम्ही संशोधक. मी आपला साधा मोतीबिंदू काढणारा. पण ताईंचं हातात आहे ते रोज थोडं थोडं जातंय. जे आहे ते त्यांना वापरू तरी द्या."

"डॉक्टर, मी तिला जन्मभराची नजर द्यायला निघालेय. तुम्ही दोन वर्षांचं बोलताय."

"दोन वर्षं म्हणजे कमी नसतात हो," ते म्हणाले.

मी नम्रपणे फोन ठेवला. विद्यार्थ्यांना सांगून त्यांच्यावर थोडी हसलेही.

वैशाखात तासगावला लग्न झालं. मंगलाष्टकं चालू असताना अक्कानं माझा हात धरून ठेवला होता. अंतरपाटाकडं तोंड होतं, पण नजर दोन बोटं बाजूला.

"शालू कसला हाय?"

"जांभळा. काठ सोनेरी."

"आन् तोंड कसं दिसतंय तिचं?"

"तुझ्यासारखं."

"मला आता माझंबी आठवंना," ती म्हणाली आणि अक्षता टाकल्या. त्या पुढच्या रांगेतल्या एका काकांच्या टोपीवर पडल्या. ती हसली, मीही हसले. मनात म्हटलं, थोडं थांब, सगळं परत आणून देते.

पुढच्या जानेवारीत आमचा शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकाकडं गेला. त्यांनी एकच गोष्ट मागितली, पेशींची पूर्ण ओळखपरेड. माणसाच्या जनुकद्रव्यातल्या सोळा खुणा तपासायच्या आणि दाखवायचं की या पेशी त्याच माणसाच्या. सुरुवातीला आम्ही फक्त चार खुणा बघितल्या होत्या. त्या जुळल्या होत्या, आणि मी म्हटलं होतं, "पुरे. माझ्या बहिणीच्या पेशी मी ओळखत नाही होय?"

ऊर्मिला तडवी माझ्याकडं पीएच.डी. करत होती. अबोल, चोपड्याकडची मुलगी. आधी एकदा ती मला म्हणाली होती, "मॅडम, दोन्ही प्रती इतक्या स्वच्छ दुरुस्त झालेल्या मी कुठंच वाचल्या नाहीत." मी तिला म्हटलं होतं, "यश पचवायला शीक जरा."

त्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, आर-सात ही आर-सात नाहीये." आर-सात म्हणजे अक्का. आमच्याकडं नावं नसतात, आकडे असतात.

"मग कोण आहे?"

तिनं तपासणीचा कागद माझ्यापुढं टेबलावर ठेवला.

"कोण आहे, ऊर्मिला?"

"आर-आठ. तुम्ही आहात."

मी कागद हातात घेतला. सोळापैकी सोळा खुणा माझ्या. चार खुणा सख्ख्या बहिणींच्या सहज जुळू शकतात, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. दरवर्षी शिकवते.

कसं झालं हे मला बसल्या जागी आठवलं. आमचा नियम साधा: एका वेळी एकाच माणसाच्या पेशी बाहेर काढायच्या आणि प्रत्येकाच्या खाण्याची बाटली वेगळी. पेशींचं खाणं म्हणजे ते गुलाबी द्रावण. नियमाचा कागद मीच भिंतीवर चिकटवला होता. एका रविवारी कुणी नव्हतं, म्हणून पेशींना खाऊ घालायला मी स्वतः आले. अक्काची बाटली संपत आली होती. मी माझ्याच बाटलीतून दोघींना घातलं. घरच्याच तर आहोत, असं अगदी या शब्दांत मनात आलं होतं. माझ्या पेशींचा एखादा थेंब बाटलीत गेला असेल, तिथून तिच्या डिशमध्ये. माझ्या पेशी धडधाकट. तिच्या आधीच अशक्त, त्यात जनुकावर काम झालेलं. दोन महिन्यांत माझ्या पेशींनी तिच्या पेशींना जागाच ठेवली नाही. गोठवून ठेवलेल्या कुप्याही बहुतेक त्या रविवारनंतरच्या निघाल्या. आधीच्या तीन होत्या, त्या आम्ही वितळवल्या. त्यांत जिवंत काही नव्हतं.

अक्का जिला डोळा लावून रडली ती डिश माझी होती. तिला दिसलं होतं, तिनं तोंडानं सांगितलंही होतं, आणि मी तिला हा बेदाणा नाही म्हणून गप्प केलं होतं. ऊर्मिलानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मी तिला म्हणाले, "निबंध मागं घेतल्याचं पत्र लिही. चूक माझी आहे असं लिही. माझ्या नावानिशी." मग मी मिरजेला उपाध्ये डॉक्टरांना फोन केला. ते फक्त म्हणाले, "लगेच घेऊन या."

तासगावला पोचले तेव्हा अक्का शेडमध्ये बसून बेदाणा निवडत होती. डोळे कुठंतरी समोर आणि बोटं दाण्यांवर. मी आधी तिथं उभी राहून बघितलं. ती बोटांनी निवडायला लागली होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी आलेय, अक्का."

"राजी? अवचित?"

"मोतीबिंदू काढून घेऊ. परवाची तारीख घेतलीय."

तिची बोटं थांबली. "आन् हात न लावलेला डोळा?"

"आता लावलेला चालतो."

"नियम बदलला व्हय?"

"हो," मी म्हणाले.

तिचं तोंड असं फुललं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "बरं झालं बघ. तिशलीला आठवा लागलाय. बाळ यायच्या आत हुईल न्हवं?"

"होईल."

"मग मी आधी बाळाचं तोंड बघतो. तुझं मागनं. तुझं तोंड काय, लई बघितलंय."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाध्ये डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि तिच्यासमोर हात धरला.

"ताई, बोटं किती?"

"उजेड हाय."

"बोटं दिसतात का?"

"उजेड हाय की डॉक्टर. झ्याक उजेड हाय."

त्यांनी हात जवळ नेला, लांब नेला, डावीकडं नेला. अक्काची नजर हलली नाही. ती पुन्हा म्हणाली, "उजेड हाय," पण या वेळी हळू.

डॉक्टरांनी मला शेजारच्या खोलीत नेलं. "मागचा पडदा गेलाय, मॅडम. मधलाही."

"तेव्हा केलं असतं तर?"

"वर्षभर तरी नक्की मिळालं असतं. लग्न दिसलं असतं." ते चष्मा पुसत राहिले. मी म्हणालो होतो, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी परत गेले आणि तिच्या पलंगावर बसले. तिला सगळं सांगितलं. बाटली, चार खुणा, सोळा खुणा. तिच्या पेशी मेल्या आणि उरल्या त्या माझ्या, तेही. शेवटी म्हणाले, "आणि तो नियम, हात न लावलेल्या डोळ्याचा, तो कुठंच लिहिलेला नव्हता, अक्का. तो मी माझ्या मनानं धरला होता."

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग त्या यंत्रात मी बघितलं ते?"

"माझं होतं."

"मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"माझ्या लेकीचं लगीन मी तुझ्या शब्दाखातर धुक्यात बघितलं."

"हो."

"तुझ्यासाठी शाळा सोडली, त्याचं मला कधी काय वाटलं न्हाई, राजी. देवाशपथ न्हाई. ह्याचं वाटतंय." तिनं उशी चाचपली आणि भिंतीकडं सरकली. "तू जा आता."

मी गेले.

आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन करायचे, दाजी उचलायचे आणि "बरी हाय" म्हणून ठेवायचे. मुलगी झाली. बारशाला मी न बोलावता गेले आणि मागं उभी राहिले. अक्का पाळण्याशी बसली होती, आणि तिची ती निवडणारी बोटं बाळाच्या भुवयांवरून, नाकावरून, हनुवटीवरून सावकाश फिरत होती. शेजारची कुणी बाई म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलीय हो." अक्का म्हणाली, "असंल." मी जेवायला न थांबता निघाले. एस.टी. स्टँडवर बसून रडले, आणि लोक बघत होते त्याचं मला काही वाटलं नाही.

संस्थेनं चौकशी केली आणि विभागप्रमुखपद काढून घेतलं. ते योग्यच होतं. काम मात्र बंद केलं नाही. पहिल्यापासून सुरू करा म्हणाले.

मग एका शनिवारी त्रिशलाचा फोन आला. "मावशी, आई म्हणते रक्त घ्यायचं सामान घेऊन ये."

"कशाला?"

"ते मला नाही सांगितलं."

मी रविवारी सकाळी पोचले. अक्का ओसरीवर खुर्चीत बसली होती, डावी बाही वर करून. किती वेळ तशी बसली होती कोण जाणे.

"तिशली म्हणत होती, आता कातडी लागत न्हाई, रक्तातनंबी त्या पेशी हुतात," ती म्हणाली. "खरं काय?"

"खरं आहे."

"मग घे."

"अक्का, याचा तुला काही उपयोग होणार नाही आता. मी खोटं नाही सांगणार."

"मला ठावं हाय. मी इचारलं का तुला?"

मी तिच्या पायाशी बसले. "राग गेला तुझा?"

"न्हाई."

"मग कशासाठी?"

"सावळजला दोन पोरं हाईत. आमच्याच आजाराची. उपाध्ये डॉक्टरांनी त्यांच्या आईला माझ्याकडं पाठवलं हुतं, की कसं निभावायचं ते ह्यास्नी इचार. मी काय सांगणार तिला? बेदाणा बोटानं निवडायला शिक म्हणून?" तिनं बाही आणखी वर सारली. "तू चुकलीस म्हणून ते काम कुणी करायचंच न्हाई व्हय? माझ्याच पेशी घे. आन् ह्या खेपेला बाटली येगळी ठेव."

मी संमतीचा कागद पुढं केला आणि तिचा हात सहीच्या जागेवर नेऊन ठेवला. तिनं पूर्ण नाव लिहिलं, विमल जिनपाल आरवाडे. आडनावाची शेवटची दोन अक्षरं कागदाबाहेर फळीवर गेली.

दंडाला पट्टा बांधला. शीर सापडत नव्हती. मी पट्टा सोडून पुन्हा बांधला. शेवटी सापडली. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टेकवली.

"टोचू?" मी विचारलं.

तिनं मान पलीकडं फिरवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"टोच," ती म्हणाली. "मला सुई बघवत न्हाई."